तपकीर गल्लीत बनवून घेतलेल्या ऑडिओ केबल्स: पैसे कुठे टाकायचे आणि कुठे अजिबात नाही

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच देऊन टाकतो. घरच्या म्युझिक सिस्टिमच्या सगळ्या केबल्स या वेळी पुण्यात तपकीर गल्लीत समोर उभं राहून बनवून घेतल्या, स्पीकरची वायर, आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची), बाबांच्या जुन्या अँपची (अँप्लिफायरची) डिनवाली, टर्नटेबलची (रेकॉर्ड प्लेअरची), आणि काम 5 पैकी 4 मार्कांचं झालंय. कापलेला एक मार्क आवाजासाठी नाही, तो पक्कं बिल देताना केलेल्या तोंडासाठी आणि "साहेब, अर्ध्या तासात देतो" या थापेसाठी. बाकी ज्यांना वायरीत रस आहे त्यांनी पुढे वाचा, लांबलचक आहे.

दुकान म्हणजे खरं तर जिन्याखालची जागा आहे, पाटी वगैरे काही नाही, दोन गिऱ्हाईकं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर स्कूटरला टेकून थांबायचं. बुधवार पेठेत हा सगळाच भाग इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सचा, एकीकडे झुंबरं आणि एलईडीच्या माळा, दुसरीकडे पिना, जॅक, ट्रान्सफॉर्मर, रेझिस्टरची पाकिटं. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं त्याची ही लहान आणि जास्त चिंचोळी आवृत्ती समजा. गाडी घेऊन येऊ नका, पार्किंगसाठी जेवढं फिराल तेवढ्यात दोन केबली बनून होतील, मेट्रोने कसबा पेठ नाहीतर मंडईला उतरा आणि चालत या. ज्याच्याकडून काम करून घेतलं ते काका पन्नाशी-पंचावन्नचे असतील, मूळ धंदा मांडववाल्यांच्या साऊंडच्या केबली करून देण्याचा, त्यामुळे घरगुती गिऱ्हाईक आलं की आधी जरा संशयाने बघतात. एक मीटरच्या आरसीएसाठी कोणी एवढे प्रश्न विचारतं का, असा एकंदर भाव. पण एकदा त्यांना कळलं की आपल्याला घाई नाहीये आणि आपण शेवटी "थोडं कमी करा ना" म्हणणार नाहीये, की मग माणूस खुलतो.

तिथली भाषा माहीत असेल तर काम लवकर होतं. मोबाईलच्या साडेतीन एमएमच्या पिनेला तिथे ईपी म्हणतात, गिटारला किंवा जुन्या हेडफोनला असते ती जाडी पाव इंची पिन म्हणजे पी-38, आणि लाल-पांढरी म्हणजे आरसीए नाहीतर एव्ही पिन. "ईपी टू टू-आरसीए, दीड मीटर" एवढं बोललात की समोरचा दुसरा प्रश्न विचारत नाही.

आता स्पीकरची वायर, कारण सगळ्यात जास्त गंडवागंडवी इथेच होते. आमच्या हॉलमध्ये अँप एका कोपऱ्यात, एक स्पीकर त्याच्या शेजारीच आणि दुसरा दाराच्या पलीकडे, चौकटीवरून फिरवून वायर न्यायची म्हणजे पाच मीटर. सिग्नल जाऊन परत येतो, म्हणून पाच मीटरला दहा मीटर तांबं धरायचं. दीड स्क्वेअर एमएमची (म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ तेवढं) वायर घेतली तर दहा मीटरचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, साधारण 0.115 ओहम, अडीचची घेतली तर 0.07. स्पीकर 8 ओहमचा. जुना ठोकताळा असा की वायरचा रेझिस्टन्स स्पीकरच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे 0.4 ओहम, आणि आपण त्याच्या कितीतरी आत आहोत. थोडक्यात 8 ओहमचा स्पीकर असेल आणि अंतर दहा-बारा मीटरच्या आत असेल तर दीडची वायर डोळे झाकून चालते, 4 ओहमचा असेल किंवा घर मोठं असेल तर अडीच घ्या आणि विषय संपवा. मी अडीच घेतली ती आवाजासाठी नाही, पुढेमागे स्पीकर बदलले तर परत चौकटीवर खिळे ठोकायला लागू नयेत म्हणून.

पण काउंटरवर स्क्वेअर एमएम कोणी बोलत नाही, ते बोलतात "चौदा छत्तीस", "तेवीस छत्तीस", "चाळीस छत्तीस". पहिला आकडा म्हणजे आत किती बारीक तारा आहेत तो, दुसरा त्या तारेचा गेज. 36 गेजची तार 0.19 एमएमची असते, त्यामुळे 14/36 म्हणजे जेमतेम 0.4 स्क्वेअर एमएम, 40/36 म्हणजे सव्वाच्या जरा आत. होम थिएटरच्या डब्यात जी केसासारखी वायर फुकट येते ती बहुतेक या पहिल्या प्रकारातली नाहीतर त्याहून बारीक. तिच्यावर गाणं वाजतं, नाही असं नाही, छोट्या खोलीत दोन मीटरला चालूनही जाते, फक्त तीच वायर बेडरूमपर्यंत नेऊन मग "बेस कमी झाला हो" म्हणून रडू नका.

खरी गोम तांब्याची आहे. बाजारात आणि ऑनलाइन तर सर्रास तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्पीकर वायर म्हणून विकतात, सीसीए म्हणतात तिला. पारदर्शक कव्हरमधून तांबूस लखलखीत दिसते, गिऱ्हाईक खूश. माझ्या मावसभावाने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून "99.99 टक्के ऑक्सिजन फ्री" असं लिहिलेलं बंडल मागवलं होतं, तेच घेऊन आम्ही काकांकडे गेलो. काकांनी बंडल हातात घेतलं, नुसतं वर-खाली तोललं आणि म्हणाले, "हे तांबं नाहीये, फार हलकं लागतंय." मग एक तार सोडवून काचेवर ठेवून ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी. भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सीसीए वायर काही पाप नाहीये, करंट जातो, फक्त तिचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो, टर्मिनलखाली दाबली की पटकन तुटते, आणि मुख्य म्हणजे पैसे तांब्याचे मोजलेले असतात. उलट बाहेरून चंदेरी आणि आतून तांबूस निघाली तर घाबरू नका, ती कल्हई केलेली तांब्याची वायर, चांगली असते.

घरी तपासायची सोपी रीत सांगतो, ब्लेडपेक्षा खात्रीची. तांब्याची घनता 8.96, अॅल्युमिनियमची 2.7. दोन कोरच्या अडीच स्क्वेअर एमएम केबलमध्ये मीटरला साधारण 45 ग्रॅम तांबं असायलाच हवं. उरलेला एक फुटाचा तुकडा घ्या, वरचं प्लास्टिक सोलून नुसत्या तारा किचनच्या वजनकाट्यावर टाका, तेरा-चौदा ग्रॅम भरल्या तर खरं, पाच-सहा ग्रॅम भरल्या तर समजून जा. यावरून भावाचाही अंदाज येतो. तांब्याचा दर त्या दिवशीचा बघा, 45 ग्रॅमने गुणा, आणि कोणी मीटरचा भाव त्या धातूच्या किमतीपेक्षाही खाली सांगत असेल तर तो काही तुमच्यावर उपकार करत नाहीये.

आणि ते ऑक्सिजन फ्रीचं कौतुक पण जरा आवरा. घराच्या वायरिंगला जातं ते साधं तांबं आणि ऑक्सिजन फ्री (ऑक्सिजन काढून आणखी शुद्ध केलेलं) तांबं यांच्या वाहकतेत फरक असला तरी एखाद्या टक्क्याचा. तेवढा फरक भरून काढायला पाच मीटरची वायर पाच सेंटिमीटर तोकडी कापली तरी पुरे. काकांनी मला स्वतःहून सुचवलं की ऑडिओच्या नावाची वायर घेऊच नका, घराच्या वायरिंगची आयएसआय मार्कवाली अडीचची मल्टिस्ट्रँड वायर घ्या, एक लाल एक काळी, फिनोलेक्स, पॉलिकॅब जी मिळेल ती, आणि दोन्हींना एकत्र पीळ द्या. वायरीवर छापलेलं असतं किती स्क्वेअर एमएम ते, आयएस 694 (वायरीचं भारतीय मानक) लिहिलेलं असतं, तांब्याची खात्री असते. अडचण एवढीच की ती 90 मीटरच्या कॉइलमध्ये येते, पण गल्लीत सुटी मीटरवर देणारे आहेत. पीळ द्यायला दोन्ही टोकं दाराच्या कडीला बांधली आणि दुसरी टोकं ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरून हळूहळू फिरवली, दोन मिनिटांचं काम. बायको म्हणाली भिंतीवर लाल-काळा साप चिकटवल्यासारखं दिसतंय. दिसतंय खरं. म्हणून दिसणाऱ्या भागाला पांढरी केसिंग-पट्टी मारली.

अजून एक भानगड लोक फार मनावर घेतात, दोन्ही स्पीकरच्या वायरी सारख्याच लांबीच्या पाहिजेत म्हणे. आमच्याकडे एक एक मीटरची आहे आणि एक पाच मीटरची. हिशोब केला तर अडीचच्या वायरीला हा फरक भरतो 0.055 ओहम, म्हणजे आवाजात 0.06 डेसिबल, माणसाच्या कानाला याचा पत्ताही लागत नाही. वेळेचं म्हणाल तर चार मीटर जादा वायरीतून सिग्नल जायला सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात मोजावं लागेल इतकाच उशीर होतो. आपली खुर्ची एक वीत डावीकडे सरकवली तर याच्या हजारो पट फरक पडतो. तर जवळच्या स्पीकरमागे उगाच चार मीटरचं वेटोळं करून ठेवू नका, तिथे फक्त धूळ आणि झुरळं जमतात.

जोडताना मात्र कंजुषी नको, वेळेची म्हणतोय. वायर साधारण एक सेंटिमीटर सोला, जास्त नाही, तारांना चिमटीत धरून घट्ट पीळ द्या आणि एकही तार बाजूला फिस्कारलेली राहता कामा नये, कारण ती एकटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर अँपचं आउटपुट शॉर्ट, आणि सगळ्या अँपना प्रोटेक्शन असतंच असं नाही. हौशी लोक टोकाला सोल्डर लावून कडक करतात आणि मग स्क्रूखाली दाबतात, ते करू नका, सोल्डर मऊ धातू आहे, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि काही महिन्यांनी जोड ढिला. बनाना प्लग लावायचे असतील तर लावा, 4 एमएमचे असतात, अँप सारखा मागेपुढे सरकवायला लागत असेल तर फार सोय होते, आवाजाशी त्याचा संबंध नाही. नव्या स्पीकर-अँपच्या टर्मिनलमध्ये मागून प्लास्टिकचं लाल-काळं बूच बसवलेलं असतं, ते टोकदार काहीतरी घालून काढलं की बनाना आत जातो. हे माहीत नसल्यामुळे "प्लग बसत नाही" म्हणून परत करायला आलेला माणूस माझ्यासमोर होता तिथे, काकांनी त्याला काही न बोलता फक्त टाचणी दिली.

प्लस-मायनसचं तर सांगायलाच नको, तरी सांगतो. एका स्पीकरला उलटं जोडलं तर काही जळत नाही, फक्त बेस गायब होतो आणि गायकाचा आवाज मधोमध यायच्या ऐवजी कुठेतरी खोलीभर तरंगत राहतो. वायरीवरचा रंग धुवट झाला असेल किंवा दोन्ही बाजू सारख्याच दिसत असतील तर अँपकडची टोकं सोडवून त्यांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, वूफरचा पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे होता ते टोक प्लस. क्षणभर म्हणजे क्षणभर, धरून बसू नका.

आता आरसीए. इथे काकांचं हातकाम बघण्यासारखं आहे आणि मी बघत उभा राहिलो. केबलचं वरचं आवरण गोल काप देऊन काढलं, आत तांब्याची विणलेली जाळी, ती सुईने उलगडून एका बाजूला घेऊन तिची वेणी केली, मधल्या तारेचं प्लास्टिक चार-पाच एमएम सोललं, दोन्हीवर आधीच सोल्डर चढवून ठेवलं. मग पिनेच्या मधल्या कपात सोल्डर वितळवून तार आत बुडवली आणि फुंकर न मारता तसाच हात स्थिर ठेवला, कारण थंड होताना हलला तर जोड मळकट, दाणेदार होतो, वरून चिकटलेला दिसतो आणि आतून सुटा असतो. चांगला जोड चकचकीत दिसतो. शेजारी त्यांच्या हाताखालचा पोरगा दुसरं टोक करत होता, त्याने सगळं व्यवस्थित केलं आणि पिनेचं बाहेरचं कव्हर वायरमध्ये आधी ओवायचंच विसरला. काका नुसते बघत राहिले. पोराने मुकाट्याने सोल्डर सोडवलं, कव्हर ओवलं, परत जोडलं. शेवटी मल्टिमीटरची बीप, आणि बीप चालू असतानाच पिनेजवळ केबल दहा दिशांना वाकवून बघायची, बीप तुटली तर परत. हा शेवटचा वाकवायचा भाग तयार मिळणाऱ्या केबलीला कोण करतं?

तयार स्वस्तातली आरसीए मी मुद्दाम एक घेऊन तिथेच कापायला लावली. वरून बोटाएवढी जाड, आत मऊ प्लास्टिकच भरलेलं, मधली तार केसाएवढी आणि जाळी म्हणून सात-आठ सुट्या तारा एका बाजूला झोपलेल्या. जाळीचं काम बाहेरची खुडबुड आत येऊ न देणं, ती अशी विरळ असेल तर मोबाईलचा चार्जर, वायफायचा डबा, ट्यूबलाइटचा चोक सगळे आपली हजेरी लावतात. म्हणून आरसीएला पैसे टाकायचे तर दाट जाळीवर आणि चांगल्या पिनेवर टाका, सोन्याच्या मुलाम्यावर नको. सोनं गंजत नाही एवढाच त्याचा गुण, आवाजात गोडवा वगैरे काही उतरत नाही. आणि न्यूट्रिक (लिश्टेनस्टाइनची नावाजलेली पिनांची कंपनी) लिहिलेली पिन वीस रुपयांना मिळत असेल तर ती लिश्टेनस्टाइनहून आलेली नाही हे ओळखा. मी मधल्या भावाची, स्प्रिंगवाली, घट्ट बसणारी पिन घेतली. त्यातली एक घरी आल्यावर ढिली वाटली, परत नेली तर काकांनी काही न विचारता बदलून दिली. एक सवय लावून घ्या: आरसीए काढताना-घालताना अँप बंद. या पिनेची रचनाच अशी आहे की मधला दांडा आधी टेकतो आणि बाहेरचं कडं नंतर, त्यामुळे चालू अँपवर घातली की धाडकन आवाज येतो आणि एखाद्या दिवशी ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) जातो.

बाबांचा अँप आहे 80 च्या दशकातला, देशी, कॉस्मिक-सोनोडाइनच्या जमान्यातला, त्याला मागे आरसीए नाहीच, गोल पाच पिनांचं डिन सॉकेट आहे. बाबांना त्यावर मोबाईलवरची नाट्यगीतं ऐकायची होती. तीन दुकानांत "आता कोण वापरतं हे" ऐकून घेतलं, काकांनी मात्र खालच्या ड्रॉवरमधून धूळ झटकून डिनचा मेल काढला. यात मजा अशी की पिनांचे नंबर ओळीने नसतात, एका टोकाकडून मोजत गेलं तर 1, 4, 2, 5, 3 असे येतात, आणि मधली 2 म्हणजे ग्राउंड. टेपचं वाजवणं अँपला 3 आणि 5 वर मिळतं, रेकॉर्डिंग 1 आणि 4 वर बाहेर जातं. कोणी ओळीने एक-दोन-तीन समजून जोडलं तर गाणं लागत नाही आणि दोष बिचाऱ्या अँपला. काकांनी कागदही बघितला नाही, सरळ 3 आणि 5 ला दोन तारा, 2 ला जाळी, दुसऱ्या टोकाला ईपी, मोबाईलसाठी. बाबा पहिल्यांदा बोलले ते "आवाज जरा कमी कर" हे, म्हणजे पसंत पडलंय.

टर्नटेबलच्या केबलीचं मात्र वेगळं आहे, तिथे खरंच केबलीने फरक पडतो, म्हणून जरा थांबतो. सीडी प्लेअरमधून 2 व्होल्टचा सिग्नल बाहेर येतो. रेकॉर्डवरच्या सुईच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या छोट्या भागातून) येतो 3 ते 5 मिलिव्होल्ट, म्हणजे चार-पाचशे पट दुबळा. त्याच्यात केबलीने जरा जरी हम (घूंऽऽ असा आवाज) मिसळला तर फोनो स्टेज, म्हणजे हा दुबळा सिग्नल वाढवणारा अँपचा भाग, तोही तेवढाच मोठा करते. दुसरं म्हणजे कपॅसिटन्स, केबलीचा विजेचा भार साठवण्याचा गुण, पिकोफॅरडमध्ये मोजतात. केबल जितकी लांब तितका तो वाढत जातो आणि कार्ट्रिजच्या कॉइलशी मिळून वरच्या पट्टीतला आवाज बदलतो, सतारीची तार आणि झांजा एकतर टोचायला लागतात नाहीतर मऊ पडतात. कार्ट्रिजच्या कागदावर किती पिकोफॅरड चालतात ते लिहिलेलं असतं, पुष्कळदा शंभर-दोनशेच्या आसपास, आणि त्यात टोनआर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) आतली वायर आणि अँपचं इनपुट पण धरायचं. म्हणून इथे केबल मीटरभर, फार तर सव्वा. काकांनी साधी आरजी-59 कोअॅक्स (मधे एक तार आणि भोवती जाळी) सुचवली, भरीव पॉलिथिनवाली, मीटरला साधारण 67 पिकोफॅरड, आणि दाट जाळीची. जरा कडक आहे, टर्नटेबलला ओढ बसू नये म्हणून मागे सैल वळसा ठेवावा लागतो. सीसीटीव्हीची थ्री प्लस वन (तीन सुट्या तारा आणि एक कोअॅक्स) पण त्यांच्याकडे ढिगाने पडलेली असते, ती मागू नका, तिच्यात जाळी नावालाच असते.

आणि ती काट्याच्या आकाराची टोकवाली बारीक सुटी वायर, टर्नटेबलची ग्राउंड, ती अँपच्या मागच्या जीएनडी स्क्रूला लावायची. ही न लावता "केबल खराब आहे, घूंऽऽ करतंय" म्हणणारे किती तरी भेटतील.

हमवरून आठवलं, आमच्या घरचं सगळ्यात मोठं दुखणं केबलीत नव्हतंच. टीव्हीचा आवाज अँपवर घेतला की कायम घूंऽऽ. आधीच्या एका मोठ्या शोरूममधल्या सेल्समनने यावर उपाय म्हणून जास्त शिल्डिंगवाली, जास्त महाग केबल सुचवली होती. काकांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "सेट टॉप बॉक्सची डिश केबल काढून बघितली का?" घरी येऊन काढली, हम बंद. परत लावली, चालू. भानगड अशी की डिशची किंवा केबलवाल्याची वायर कुठूनतरी गच्चीवरून आपलं वेगळं अर्थिंग घेऊन येते, अँप भिंतीच्या सॉकेटमधून आपलं घेतो, दोघांत थोडा फरक असतो आणि मग आरसीएच्या जाळीतून 50 हर्ट्झचा करंट फिरत बसतो. त्यावर दहा हजारांची केबल लावली तरी तीही इमानदारीने तोच करंट नेणार. काही लोक यावर अँपच्या थ्री-पिनची वरची जाडी, अर्थिंगची पिन काढून टाकतात, कृपा करून हे करू नका, हम जाईल पण आत काही शॉर्ट झालं तर अँपचं लोखंडी खोकं तुमच्या हाताला करंट देईल. जुन्या वाड्यात, जुन्या सोसायट्यांत अर्थिंगची बोंब असतेच, खोक्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, केबल नंतर.

उपाय निघाला ऑप्टिकल केबलचा. टॉसलिंक म्हणतात, तोशिबाने 1983 मध्ये आणलेली, आत धातूची तारच नाही, प्लास्टिकच्या दोऱ्यातून लाल उजेड जातो, त्यामुळे टीव्ही आणि अँप यांच्यात विजेचा संबंधच उरत नाही. इथे तर स्वस्त-महागचा प्रश्नच येत नाही, एक-दोन मीटरला साधी पुरते. घालायच्या आधी दोन्ही टोकांवरची ती नखाएवढी पारदर्शक टोपणं काढा, आणि केबल काटकोनात मोडू नका. माझ्या अँपला ऑप्टिकल नाही, त्यामुळे मध्ये छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ सिग्नल करणारा डबा) लावला, आणि मग टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट पीसीएम (साधा डिजिटल आवाज) केलं. हे केलं नाही तर टीव्ही डॉल्बीचा प्रवाह सोडतो, साध्या डॅकला तो कळत नाही आणि सगळं ठप्प. गैरसोय एकच, बऱ्याच टीव्हींत ऑप्टिकलवर रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, अँपपाशी उठून जावं लागतं. आईला हे अजिबात आवडलेलं नाही आणि मालिकांच्या वेळेला टीव्ही आपल्या स्वतःच्या स्पीकरवरच चालतो.

महागड्या केबलींवर चिडून लिहिण्यात अर्थ नाही, ज्याला घ्यायच्यात तो घेतो. मी एकदा एका मोठ्या शोरूममध्ये दोन केबल्स ऐकल्या, सेल्समन प्रत्येक वेळी बदलताना सांगत होता "आता बघा पडदा उघडल्यासारखा वाटेल", आणि बदलताना आवाजाची पट्टीही दोन काटे वर जात होती. आवाज जरासा मोठा झाला की कानाला तो चांगलाच वाटतो, यात जादू काही नाही. 2007 मध्ये अमेरिकेतल्या जेम्स रँडी या जादूगाराने 7250 डॉलरच्या स्पीकर केबल्स न बघता, नुसत्या कानाने ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा असं जाहीर आव्हान दिलं होतं, ती चाचणी शेवटपर्यंत झालीच नाही. एक्सएलआरचंही (माइकला असते ती तीन पिनांची) तसंच, स्टेजवर वीस-तीस मीटर केबल ओढायची असते तेव्हा बॅलन्स्ड, म्हणजे सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळी जाळी असलेली, पाहिजेच, घरात मीटरभरासाठी दोन्ही उपकरणांना असेल तर लावा, नसेल तर त्यासाठी अँप बदलू नका. मी तरी वाचलेल्या पैशांत हॉलला जाड पडदे आणि एक सतरंजी घेतली, आणि तो फरक आईला पण कळला.

तक्रारी लिहून टाकतो. पक्कं बिल मागितलं तर काकांचा चेहरा पडला, शेवटी शेजारच्या दुकानातून करून आणून दिलं. अर्ध्या तासाचे पावणेतीन तास झाले, मधे दोनदा मांडववाले येऊन आपलं अर्जंट काम पुढे घुसवून गेले. सगळ्या पिना काळ्याच दिल्या, डावं-उजवं ओळखायला मला घरी लाल टेप लावावी लागली, हे आधी सांगितलं तर लाल-काळ्या देतात म्हणे. पारदर्शक स्पीकर वायर मात्र त्यांनीच घेऊ दिली नाही, पावसाळ्यात दमट हवेने तांबं आतून हिरवं पडतं. कोकणात मामाकडे असली वायर आहे, दोन्ही टोकांकडून वीतभर हिरवीगार झालीये. अशी टोकं झालीच तर वीतभर कापून टाकायची आणि नवीन सोलायची, म्हणून दोन्हीकडे थोडी जास्त वायर ठेवा.

जाताना अँपच्या, टीव्हीच्या आणि स्पीकरच्या मागच्या बाजूचे मोबाईलवर फोटो काढून न्या, आणि अंतर टेपने सरळ मोजू नका, वायर जिथून जाणार तिथून सुतळी फिरवून तीच घेऊन जा. आणि गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधीच्या दिवसांत फिरकू नका, गल्ली माळांवाल्यांनी फुल्ल असते आणि काका मंडळांच्या कामात बुडालेले असतात. आम्ही तसे गेलो होतो, त्यांनी आम्हाला ओळखलंसुद्धा नाही.